सेमिनारातील बर्गी

सरकारी नोकरीत माणूस आयुष्यभर वाचीतच असतो. पण ते वाचन निराळे. फाईल हाती आली की प्रथम शेवटची टिप्पणी पाहावयाची, मग वरिष्ठांनी समासात काय खरडले आहे ते, मग खालून काय वर आले होते ते; आणि ज्या अर्जापायी हे सारे बाड वाढले तो मूळ अर्ज, सवड उरलीच तर. अशा रीतीने तेहतीस वर्षे वाचल्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचण्याची शक्ती आपल्यात उरली आहे काय, असा प्रश्न आम्हांला निवृत्तीनंतर पडला. घरी बसून त्याचा निकाल लागेना. तेव्हा येथील एका विद्यापीठात, इंग्रजीच्या एम. ए. वर्गाच्या सेमिनारात पाहुणा श्रोता म्हणून बसण्याची परवानगी आम्ही मागितली, आणि ती मिळाली. विषय होता 'समकालीन इंग्रजी कादंबरी'.

येथील म्हणजे कलकत्त्यातील. शहराचे नाव २००१ साली कोलकाता झाले, आणि सहीच्या कागदावर आम्ही ते इमानाने पाळीत आलो. पण जिभेवर कलकत्ताच राहिले आहे, आणि या लेखापुरते ते तसेच राहू द्यावे.

महाराष्ट्र मंडळातील स्नेह्यांना हा बेत फारसा रुचला नाही. एकाने म्हटले, "अहो, इंग्रजीत आयुष्य गेले ते पुरे नाही का झाले? आता तरी ज्ञानेश्वरी उघडा." दुसऱ्याने अधिक व्यावहारिक शंका काढली, की या वयात परीक्षा देणार का! परीक्षा द्यावयाची नव्हती. ज्ञानेश्वरीचा मुद्दा मात्र आम्ही मनाशी ठेवला. कारण परप्रांती राहणाऱ्या माणसाच्या वाचनाला घरची भाषा, कचेरीची भाषा आणि भोवतालच्या लोकांची भाषा अशा तिघी तीन दिशांनी ओढीत असतात, आणि एकीला वेळ दिला की उरलेल्या दोघी रुसतात.

सेमिनार म्हणजे व्याख्यान नव्हे. दर गुरुवारी दोन वाजता एका लांब टेबलाभोवती चौदा विद्यार्थी, एक प्राध्यापिकाबाई आणि कोपऱ्यात आम्ही. कोणी एकाने वीस मिनिटांचा निबंध वाचावयाचा आणि उरलेल्यांनी तो फाडावयाचा. आमच्या कचेरीतील बैठकींहून हे फारसे वेगळे नव्हते. फरक इतकाच, की येथे इतिवृत्त निघत नाही, आणि म्हणून लोक मनातले बोलतात. 'समकालीन' या शब्दाचा अर्थही तेथे नव्याने शिकावा लागला. यादीतील सर्वांत जुने पुस्तक १९८० सालचे होते. आमच्या लेखी ते कालचे. वर्गातील मुलांच्या लेखी मात्र त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचे.

यादी पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, जी बाईंनी योजून केली नसावी. पहिल्या तिन्ही पुस्तकांचे नायक दुसऱ्याची चाकरी करणारे होते : एक शिकाऊ आय. ए. एस. अधिकारी, एक इंग्रज सरदाराचा बटलर आणि एक सरहद्दीवरचा मॅजिस्ट्रेट. म्हणजे आमच्याच जातीची माणसे, आणि तीही वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या न्यायासनासमोर उभी. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला आपणच आरोपीच्या पिंजऱ्याजवळ बसलो आहोत असे वाटू लागले, तर नवल नव्हते.

उपमन्यू चटर्जी यांची 'इंग्लिश, ऑगस्ट' ही कादंबरी १९८८ सालची. तिचा नायक अगस्त्य सेन मदना नावाच्या रणरणत्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकाऊ म्हणून जातो. दिवसा कलेक्टराच्या मागे बैठका, दुपारी खोली लावून घेऊन गांजा आणि मार्कस ऑरेलियस, आणि भेटेल त्याला स्वतःविषयी एक निराळी थाप. मुले थापांना हसली. आम्ही हसलो ते बैठकींच्या वर्णनांना. चटर्जी स्वतः १९८३ च्या तुकडीचे, महाराष्ट्र केडरचे. म्हणजे हा बंगाली घरातला तरुण आमच्या मुलखात पाठविला गेला, आणि आम्ही त्याच्या. सरकारने अशी अदलाबदल केली नसती, तर दोघांपैकी एकाने तरी कादंबरी लिहिली असती का, कोण जाणे! त्या पुस्तकात शेवटाकडे एक आदिवासी गाव येते, जेथे आटलेल्या विहिरीत दोराने मुले सोडून तळाचा गाळ उपसतात. वर्ग त्या पानांवरून भरभर पुढे गेला. चर्चा उपरोधाची चालली होती. आमची गाडी मात्र त्या विहिरीशी अडली. टँकर पाठविण्याचा हुकूम निघतो, तो पोहोचेपर्यंतचे दिवस कसे जातात हे पुस्तकात नाही. ते ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक आहे.

काझुओ इशिगुरो यांच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'ला १९८९ चे बुकर पारितोषिक मिळाले, आणि २०१७ साली लेखकाला नोबेल. नागासाकीत १९५४ साली जन्मलेला, पाच वर्षांचा असताना इंग्लंडला आलेला हा मनुष्य स्टीव्हन्स नावाच्या बटलरच्या तोंडून असे काही इंग्रजी बोलतो, की त्यात चूक काढावयास जागा नसावी आणि कबुली मात्र कोठेच नसावी. धन्याच्या सांगण्यावरून स्टीव्हन्स दोन ज्यू मोलकरणींना कामावरून काढून टाकतो. वर्गातील एका मुलाने त्याला एका शब्दात निकालात काढले. आम्ही त्याच्या वाक्यरचनेकडे पाहत राहिलो. आमच्या मराठी व्याकरणात कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवितात. सरकारी लिखाणात त्याच दोघांचे राज्य. निर्णय घेण्यात आला, कळविण्यात आले, कमी करण्यात आले. कर्ता बदलून जातो, क्रियापद दप्तरात राहते. स्टीव्हन्स हा तीनशेहून कमी पानांचा एक भावे प्रयोग आहे, असे आम्ही म्हणालो. बाईंनी हे वाक्य टिपून घेतले. मराठी व्याकरण मात्र आम्हांला इंग्रजीत समजावून द्यावे लागले, आणि त्यात दहा मिनिटे गेली.

पण आमचा जीव खरा गुंतला तो तिसऱ्या पुस्तकात. जे. एम. कुट्सी यांची 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स'. नाव कवाफी या ग्रीक कवीच्या, १९०४ साली छापलेल्या कवितेवरून घेतलेले. एका साम्राज्याच्या सीमेवरचे एक लहान तटबंदीचे गाव. ना साम्राज्याला नाव, ना गावाला. तेथे एक उतारवयाचा मॅजिस्ट्रेट कर गोळा करतो, न्यायनिवाडा करतो, फावल्या वेळी वाळूत बुजलेली जुनी घरे उकरतो आणि शांतपणे निवृत्त होण्याची वाट पाहतो. आपल्यापैकी अनेकांना ही दिनचर्या ओळखीची वाटेल. मग राजधानीहून काळा चष्मा लावलेला एक कर्नल येतो. रानटी टोळ्या उठाव करणार आहेत अशी वर्दी आहे म्हणतो, कोळी आणि भटके लोक धरून आणतो, आणि धान्याच्या कोठारात त्यांच्याकडून 'सत्य' काढू लागतो. बाप यातना सोसून मेलेली, घोटे मोडलेली, दृष्टी अधू झालेली एक मुलगी मागे राहते. मॅजिस्ट्रेट तिला आपल्या घरी ठेवून घेतो, तिचे पाय धुतो, तेल लावतो. शेवटी डोंगरांपर्यंत प्रवास करून तिला तिच्या लोकांत पोहोचविण्यास निघतो. परत येतो तो शत्रूशी संधान बांधल्याच्या आरोपाखाली कैद होण्यासाठी. जे कोठार त्याने दुरून ऐकले होते त्याचा अर्थ त्याला आता स्वतःच्या अंगावर कळतो. फौज रानटी लोकांवर चालून जाते आणि धूळधाण होऊन परतते. रानटी लोक गावावर चालून येतात काय? ते पुस्तकात येतच नाहीत.

हे पुस्तक दक्षिण आफ्रिकेत लिहिले गेले तेव्हा तेथे वर्णद्वेषी राजवट होती, आणि १९७७ च्या सप्टेंबरात स्टीव्ह बिको हा कृष्णवर्णीयांचा तरुण पुढारी पोलिसांच्या ताब्यात असताना मेला होता. कुट्सी यांनी पुढे १९८६ च्या एका लेखात स्वतःच सांगितले, की यातनागृहाचा एका सदसद्विवेक असलेल्या माणसाच्या जीवनावर काय परिणाम होतो, याची ही कादंबरी. वाचकांस गंमत वाटेल ती पुढची. पुस्तक तेथील सेन्सॉर मंडळापुढे गेले, आणि बंदी न घालता सोडले गेले. अशा पुस्तकांवर मंडळाला अभिप्राय देणाऱ्यांत साहित्याचे जाणकार आणि प्राध्यापकही असत. आम्ही वर्गात म्हणालो, की त्या अभिप्रायकाराचे टिपण आम्ही न पाहताही डोळ्यांपुढे आणू शकतो : घटना काल्पनिक देशातील, वाङ्मयीन गुण आहेत, सर्वसामान्य वाचकांत खपण्याचा संभव कमी, हरकत नाही. मुले हसली. आम्हांला मात्र असे वाटून गेले, की लेखकाने साम्राज्याचे नाव गाळले ते केवळ कलेसाठी नसेल. पण नाव गाळल्यामुळेच ते पुस्तक कलकत्त्याच्या एका टेबलावर येऊन आमच्याकडे पाहू शकले.

ते पाहिले, ते असे. रानटी कोण, या प्रश्नावर चर्चा चालू असता बाई म्हणाल्या, "आपल्या शहरानेही एकदा अशी वाट पाहिली आहे." आणि सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी नवाब अलिवर्दीखानाच्या संमतीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. योजना सात मैलांची. सुमारे तीन मैल झाला, आणि मराठे आलेच नाहीत. काम तसेच राहिले. पुढे १७९९ साली तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला; आज त्या रस्त्याच्या दोन भागांना आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र यांची नावे आहेत. बागबाजारकडे एका गल्लीच्या नावात मात्र तो मराठा खंदक अजून शिल्लक आहे. बंगाली आया मुलांना झोपविताना ज्यांची भीती घालीत आल्या ते 'बर्गी' म्हणजे आपले बारगीर. ज्यांना घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे ते. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगीर सरकारी घोड्यावर बसे. या व्याख्येप्रमाणे सरकारी जीपमध्ये बसलेले आम्ही बारगीर नव्हे तर कोण?

नोकरीच्या पहिल्या वर्षांत सहकारी ही थट्टा नेहमी करीत. १९७८ पासून राज्यात कुळांची नावे नोंदविण्याची 'ऑपरेशन बर्गा' ही मोहीम चालली होती, आणि आम्हांला त्या कामावर पाहून एक वृद्ध कानूनगो म्हणाले होते, "बर्गी आले, पण या खेपेला घ्यायला नव्हे, लिहून द्यायला." शब्दांचे मूळ एक नाही, ऐकायला सारखे इतकेच, पण थट्टा चांगली होती.

सेमिनारात मात्र ती थट्टेवर थांबली नाही. बर्धमान जिल्ह्यातील एका मुलाने शांतपणे सांगितले, "सर, न येणारे रानटी ही कलकत्त्याची गोष्ट झाली. आमच्याकडे ते आले होते." हे खरे होते. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' रचले. त्यात गावे जळाल्याचे आणि लोक पळाल्याचे जे वर्णन आहे ते कोणा शत्रूच्या बखरकाराचे म्हणून झटकून टाकता येत नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात या प्रकरणाला दोन ओळी होत्या, आणि त्या चौथाईच्या आकड्याच्या; १७५१ च्या तहाने ओरिसा आणि सालीना बारा लाख रुपये मिळाले एवढे पाठ केले की झाले. भास्करपंतांनी काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली होती आणि पूजेच्याच दिवसांत अलिवर्दीखानाने छापा घातला, हे आम्हांला बंगालमध्ये आल्यावर कळले. १७४४ साली बोलणीसाठी बोलावून मानकरा येथे त्यांना मारण्यात आले, हेही. एका मुलखाच्या पाठ्यपुस्तकातला सरदार दुसऱ्या मुलखाच्या अंगाईगीतातला राक्षस असतो, आणि दोन्हीकडे त्याचे नाव बरोबर लिहिलेले असते. आम्ही त्या मुलाला उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हते, आणि तो उत्तर मागतही नव्हता.

पुढच्या गुरुवारी बाईंनी ठरविले, की या पुस्तकावर शेवटचा निबंध पाहुण्यांनी वाचावा. "आमच्यापैकी मॅजिस्ट्रेट राहिलेले तुम्ही एकटेच!"

वर्गाचा कल आम्हांला ठाऊक होता. त्यांच्या मते कर्नल आणि मॅजिस्ट्रेट यांत फरक नाही. एक साम्राज्याचा हातोडा, दुसरा त्याचा हातमोजा. पुस्तकातही मॅजिस्ट्रेट शेवटी याच विचाराशी येऊन ठेपतो, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. शिवाय कलकत्त्यातच १९४२ साली जन्मलेल्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा १९८८ चा तो प्रसिद्ध लेख, सबाल्टर्नला बोलता येते काय असे विचारणारा, त्यांनी त्याच सत्रात वाचला होता, आणि तो शब्द टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांसारखा फिरत होता. (लष्करात हा शब्द कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्याला लावीत; एके काळी तो अधिकाराचा शब्द होता, हे सांगितल्यावर मुले चकित झाली.) आम्हांला त्यांचे म्हणणे अर्धेच पटत होते. कचेरीच्या ओसरीवर सकाळपासून बसलेल्या माणसाला आत हातोडा आहे की हातमोजा, याने फरक पडतो, फार पडतो. ओसरीवर ज्याला बसावे लागत नाही तोच दोन्ही सारखे म्हणू शकतो. हे आम्ही तेव्हाही म्हणालो, आणि आजही म्हणतो.

पण आमच्या निबंधाचा विषय वेगळा होता. मॅजिस्ट्रेटला त्या उत्खननात लाकडी पट्ट्यांची एक पिशवी सापडते. पट्ट्यांवर कोणत्या तरी लिपीतील अक्षरे आहेत. तो त्या रात्र रात्र मांडतो, उलटसुलट करतो. एकही वाचता येत नाही. पुढे कर्नल त्याच्यावर आरोप ठेवतो, की या पट्ट्या म्हणजे रानटी लोकांशी चाललेला गुप्त पत्रव्यवहार; वाचून दाखव. तेव्हा तो वाचू लागतो. ही पट्टी बापाने मुलीला धाडलेले कुशल. या दुसरीत मेलेल्या भावाचे प्रेत ताब्यात घेतल्याची हकीकत. कोठारात जे घडले ते सारे तो त्या मुक्या अक्षरांच्या तोंडी घालतो. वर्ग या प्रसंगावर खूश होता. पण आम्हांला त्याच पुस्तकातील दुसरी एक जागा अधिक बोचली. मुलीला निरोप देताना तो तिला तिच्या लोकांशी तिच्या भाषेत बोलताना ऐकतो, आणि त्याच्या मनात येते, की हिवाळ्याच्या त्या लांब रिकाम्या संध्याकाळी ती आपल्याला ही भाषा शिकवू शकली असती. तिचे पाय त्याने धुतले. तिची भाषा मात्र शिकावी असे त्याला तोवर सुचले नाही. उद्धार करणाऱ्या माणसाचे यापेक्षा कठोर चित्र आम्ही पाहिलेले नाही, आणि त्याला दोनचारच ओळी पुरल्या आहेत.

मग आम्ही आमच्या पट्टीची हकीकत सांगितली.

१९८६ साल. तेव्हाच्या अखंड मेदिनीपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका महकुम्यात आमची नेमणूक होती. केडरच्या नियमाप्रमाणे बंगालीची खातेपरीक्षा आम्ही उत्तीर्ण झालो होतो. अर्ज वाचता येत, साक्षीपुरावा ऐकता येई. एके दिवशी टपालात एक अर्ज आला, तो बंगालीत नव्हता, हिंदीत नव्हता, ओरियात नव्हता. गोल, सुटी, टोकदार अक्षरे. हेडक्लार्कबाबूंनी कागद हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "अल चिकी आहे. सांथाळांची लिपी. जमिनीचेच काहीतरी असणार, सर. दाखल करून टाकू?" पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली तयार केलेल्या या लिपीला राज्य सरकारने १९७९ मध्ये मान्यता दिली होती, पण मान्यता कचेरीत आली होती, वाचणारा आला नव्हता. आमच्या पूर्वजांच्या पेटीतील मोडी कागद आम्हांला असेच मुके वाटत आले आहेत, म्हणून असेल, पण तो कागद न वाचता दाखल करू देण्याचे आमच्या जिवावर आले. तो खिशात घालून आम्ही फिरतीवर निघालो, आणि चौथ्या दिवशी एका हाटात एक प्राथमिक शिक्षक भेटले त्यांच्याकडून वाचवून घेतला.

बाबूंचा अंदाज बरोबर होता. जमिनीचेच होते. पण अर्जदाराला जमीन नको होती. ती त्याच्याजवळ होती. नोंदीत त्याच्या बापाचे आडनाव 'हांसदा' ऐवजी 'दास' पडले होते, ते बरोबर लिहावे, एवढीच मागणी. कोणा लेखनिकाच्या हातून एक अक्षर गळले आणि उरलेली उलटली. आपल्यातील महसूल खात्यातील वाचकांना पुढचे सांगावयास नकोच. १९५५ च्या पश्चिम बंगाल भूमिसुधार कायद्यात अनुसूचित जमातींच्या जमिनीसाठी एक निराळे प्रकरण आहे. महसूल अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून ती जमीन जमातीबाहेरच्या माणसाला विकता येत नाही. हांसदाला ते संरक्षण होते. दासाला नव्हते. नोंद वाचणाऱ्या सावकाराला, किंवा नोंदणी कचेरीला, ती जमीन कोणाही दासाची वाटली असती. शिक्षकाने अर्जाची शेवटची ओळ दोनदा वाचली. अर्जदाराने लिहिले होते, की बंगालीत अर्ज लिहून देणारा मनुष्य बाजारात आहे, पण तो नाव पुन्हा तसेच लिहील. म्हणून मी माझ्या अक्षरात लिहीत आहे.

दुरुस्तीचा अधिकार भूमी खात्याच्या अधिकाऱ्याचा. आम्ही शिक्षकांचे भाषांतर जोडून, कलम नमूद करून, कागद तिकडे पाठविला, दोन स्मरणपत्रे लिहिली. तिसऱ्या महिन्यात बदलीचा हुकूम आला. पुढे त्या बाजूला पुन्हा कधी नेमणूक झाली नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आठव्या परिशिष्टात आली तेव्हा वर्तमानपत्रातील ती बातमी आम्ही कापून ठेवली होती.

एवढे सांगून आम्ही बसलो. काही वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने, वाचनाची सत्ता वगैरे जे म्हणावयाचे असते ते म्हटले, आणि चर्चा पुन्हा आपल्या ओळखीच्या रुळावर आली. त्या सबंध सत्रात क्वचितच बोललेली पुरुलियाची एक मुलगी तेव्हा म्हणाली, "पुस्तकात मॅजिस्ट्रेटला नाव नाही, आणि त्या मुलीलाही नाही. आपण दोन्ही एकसारखे धरतो आहोत. त्याला नाव नाही कारण त्याला हुद्दा आहे, तो पुरतो. तिला दुसरे काहीच नाही." बाईंनी तिला पुढे बोलावयास सांगितले. तिने मान हलविली. आम्ही मात्र वहीत 'हुद्दा पुरतो' असे लिहून ठेवले. मंडळात दर संक्रांतीला एकमेकांच्या निवृत्तीपूर्वीच्या पदांनी एकमेकांना हाका मारणारे आम्ही लोक. आम्हांला ते वाक्य समजावून द्यावे लागले नाही.

तास सुटल्यावर ती आमच्याजवळ आली. तिला सेमिनारातले काही विचारावयाचे नव्हते. "सर, ती नोंद पुढे दुरुस्त झाली का?"

ते आम्हांला कधीच कळले नाही, असे आम्ही सांगितले. तिने लगेच फोन काढला. आता राज्याच्या जमिनीच्या नोंदी संगणकावर पाहता येतात. मौजा घालावा, खतियान किंवा दाग क्रमांक घालावा, आणि नाव समोर येते. मौजाचे नाव आम्हांला पक्के आठवत होते. क्रमांक आठवत नव्हता. त्या फाईलवर तो होता, आणि ती फाईल आमची नव्हती. त्या मौजात खतियाने शेकड्यांनी असणार. ती म्हणाली, तिचे मामा त्या बाजूला शाळेत आहेत, विचारून पाहते; आडनाव कसे लिहायचे तेवढे द्या. आम्ही तिच्या वहीत देवनागरीत 'हांसदा' असे लिहिले, आणि त्याखाली, ज्या रूपात ते चुकले होते, ते 'दास'. तिने दोन्ही वाचले, पहिल्याच्या शेजारी अल चिकीत तेच नाव लिहिले, आणि वही आमच्याकडे वळवून धरली. त्या लिपीत ते किती अक्षरांचे होते, ते आम्ही मोजून घेतले.